राणीछाप रुपयाची प्रत कशी ठरते आणि ती फोटोत खरी कशी उतरवायची

महाराष्ट्रातल्या पुष्कळ घरांत देव्हाऱ्यात किंवा तिजोरीत दोन-चार चांदीचे रुपये असतात. कुठे राणीछाप, कुठे राजाछाप. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी ते चिंचेच्या कोळाने किंवा भांड्यांच्या पावडरीने लख्ख घासले जातात, हळदकुंकू वाहून पूजेत मांडले जातात आणि पुन्हा डबीत जातात. पूजेच्या दृष्टीने यात काहीच वावगं नाही. पण पुढे घरातल्या कुणाला नाण्यांचा नाद लागला आणि तो हा रुपया जाणकाराकडे घेऊन गेला, की जाणकार हातात घेऊन जरा तिरपा करतो आणि म्हणतो, "घासलेला आहे." त्या दोन शब्दांनी नाण्याची किंमत जवळजवळ चांदीच्या भावावर येऊन थांबते. त्याला नेमकं काय दिसलं, आणि तेच आपल्यालाही कसं दिसू शकेल, हे समजून घेऊ.

आधी नाणं नीट ओळखून घेऊ. कंपनी सरकारने १८३५ साली एकसारखा रुपया पाडायला सुरुवात केली. वजन एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि चांदी बारा भागांत अकरा, म्हणजे जवळपास ९१.७ टक्के. व्यास साडेतीस मिलिमीटरच्या आसपास. चौथा विल्यम, व्हिक्टोरिया, सातवा एडवर्ड, पाचवा जॉर्ज आणि १९३९ पर्यंत सहावा जॉर्ज, सगळ्यांच्या रुपयाला हेच माप लागू आहे. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली आणि खोटी नाणी रोखण्यासाठी कडेची घडणही बदलली. पुढे १९४७ चा रुपया तर निकेलचा निघाला. म्हणून राणीछाप रुपया हाती आला की पहिलं काम काट्याचं. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा डिजिटल काटा यासाठी पुरतो. फार वापरलेल्या नाण्यात थोडी घट येणारच. पण ताजातवाना दिसणारा रुपया दहा ग्रॅम भरला, तर पुढे काही बघायची गरज नाही.

आता प्रतीकडे वळू. संग्राहक बोलताना 'ग्रेड' म्हणतात किंवा नुसतं 'कंडिशन'. टांकसाळीतून बाहेर पडताना नाणं जसं होतं, त्यातलं आज किती उरलंय, एवढाच त्याचा अर्थ. नाणं किती जुनं किंवा किती दुर्मीळ हा वेगळा प्रश्न आहे. नवे संग्राहक या दोन गोष्टींची फार गल्लत करतात. १८६२ चा रुपया ऐकायला जुना वाटतो, पण व्हिक्टोरियाच्या रुपयावर १८६२ हे साल कितीतरी वर्षं तसंच गोठवून ठेवलं होतं. १८७४ पासून सालं पुन्हा बदलू लागली, तोवर १८६२ चीच नाणी प्रचंड संख्येने पडत राहिली. झिजलेला १८६२ चा रुपया त्यामुळे सहज मिळतो. तोच रुपया कोऱ्या अवस्थेत मात्र शोधावा लागतो.

झीज नाण्यावर सगळीकडे सारखी होत नाही. खिशात, बटव्यात, गल्ल्यात नाणी एकमेकांवर घासतात तेव्हा जो भाग सगळ्यात उंच असतो तो आधी जातो. म्हणून प्रत्येक नाण्याच्या उंच जागा पाठ करून ठेवायच्या आणि नाणं हाती आलं की थेट तिथेच बघायचं. राणीच्या रुपयावर कानाजवळच्या आणि कपाळावरच्या केसांच्या बटा, मुकुटावरचं कोरीव काम आणि पोशाखावरची नक्षी या त्या जागा. एडवर्डच्या डोक्यावर मुकुट नाही, त्यामुळे तिथे कान, कानावरचे केस आणि दाढी बघायची. मागच्या बाजूला जो मुकुट आहे, त्याचे मणी सुटे दिसतात का तेही बघायचं.

पाचव्या जॉर्जच्या रुपयावर झिजेचा सगळ्यात चांगला साक्षीदार त्याच्या छातीवर आहे. राजाने घातलेल्या मानचिन्हाच्या साखळीत एक छोटा हत्ती आहे. १९११ च्या रुपयावर या हत्तीची सोंड आणि पाय इतके आखूड उमटले की लोकांना तो डुक्कर वाटला. त्यावरून ओरड झाली, बहुतेक नाणी परत घेऊन वितळवली गेली आणि १९१२ पासून सोंड-कान नीट दिसतील असा हत्ती आला. संग्राहक १९११ च्या रुपयाला आजही 'पिग रुपी' म्हणतात. १९१२ नंतरच्या रुपयावर हत्तीची सोंड आणि कान वेगवेगळे दिसत असतील तर नाणं फार फिरलेलं नाही. हत्तीच्या जागी नुसता उंचवटा उरला असेल, तर ते पुष्कळ हातांतून गेलंय असं समजायला हरकत नाही.

उतरंड साधारण अशी लागते. चेहऱ्याची बाह्यरेषा, अक्षरं आणि साल वाचता येतं, पण आतलं काम सपाट झालंय, अशा नाण्याला 'गुड' किंवा 'व्हेरी गुड' म्हणतात. केसांचे मुख्य पट्टे दिसू लागले की 'फाइन'. बारीक बटाही बऱ्याचशा दिसतात आणि फक्त उंच जागा चपट्या झाल्यात, ते 'व्हीएफ'. झीज अगदी टोकांवरच आहे आणि बाकी सगळं टोकदार आहे, ते 'ईएफ' किंवा 'एक्सएफ'. त्यावर 'एयू', म्हणजे नाणं जेमतेम काही हातांतून फिरलंय, आणि सगळ्यात वर 'यूएनसी', म्हणजे व्यवहारात कधी आलंच नाही. नावं ऐकून गोंधळ होतो, कारण 'गुड' म्हणजे प्रत्यक्षात बरंच झिजलेलं नाणं. विक्रेता "गुड कंडिशन" म्हणतो तेव्हा तो या पायरीबद्दल बोलतोय की नुसतं कौतुक करतोय, हे विचारून घ्यावं.

प्रतीसाठी एक ते सत्तर असे जे आकडे दिसतात, ते विल्यम शेल्डन या अमेरिकन माणसाने १९४९ मध्ये तिकडच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी मांडले. मूळ कल्पना किमतीची होती: सत्तर आकड्याचं नाणं एक आकड्याच्या नाण्याच्या सत्तरपट. ते गणित पुढे टिकलं नाही, पण आकडे टिकले. पीसीजीएस आणि एनजीसी या अमेरिकेतल्या परीक्षण कंपन्या १९८६ आणि १९८७ मध्ये निघाल्या. नाणं पारखून, त्यावर आकडा देऊन ते प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद करायचं, ही रीत त्यांनी जगभर रूढ केली. त्यांच्या हिशोबात साठ आणि त्यापुढचा आकडा म्हणजे न वापरलेलं नाणं. आपल्यासाठी इथे एक महत्त्वाची अडचण आहे. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावशेष ठरतं आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. राणीचा किंवा एडवर्डचा रुपया उचलून अमेरिकेला पोस्टाने पाठवणं त्यामुळे शक्य नाही. हौशी माणसाला प्रत स्वतःच ओळखता आली पाहिजे, ती यासाठीही.

झीज ओळखणं तसं सोपं आहे. खरा अभ्यास लागतो तो पृष्ठभागाला. टांकसाळीत दोन ठशांमध्ये चकती दाबली जाते तेव्हा धातू मधून कडेकडे सरकतो, आणि त्या सरकण्याने पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म रेषा उमटतात. कोरं नाणं दिव्याखाली हळूच फिरवलं की या रेषांमुळे प्रकाशाचे दोन पट्टे सायकलच्या चाकातल्या आऱ्यांसारखे मध्याभोवती गोल फिरतात. संग्राहक याला 'लस्टर' म्हणतात. ही झळाळी आणि घासून आणलेली चकाकी या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. चिंचेतलं आम्ल वरचा थर खातं, पावडर त्या सूक्ष्म रेषा सपाट करते, आणि मग नाणं चमकतं खरं, पण फिरवलं तरी पट्टे फिरत नाहीत. सगळीकडून एकसारखा पांढुरका उजेड येतो. जाणकाराने नाणं तिरपं केलं ते हे बघायला. जोडीला दहापट भिंगातून एकाच दिशेने गेलेले केसासारखे बारीक ओरखडे दिसतात, आणि मोकळा भाग चकचकीत असूनही अक्षरांच्या कोपऱ्यांत जुना काळा मळ तसाच असतो. या खुणा एकत्र दिसल्या की शंका उरत नाही.

आणि हे परत येत नाही. गेलेली झळाळी आणणारी कोणतीही युक्ती नाही. पूजेसाठी दोन रुपये वेगळे काढून ठेवा आणि तेच दरवर्षी घासा, बाकीच्यांना हात लावू नका, असं मी नात्यातल्या प्रत्येकाला सांगत असतो.

चांदीवर चढणारा काळसर, पिवळसर किंवा निळसर रंग हा मळ नव्हे. हवेतल्या गंधकाशी चांदीची क्रिया होऊन सिल्व्हर सल्फाइडचा पातळ थर बसतो. थर किती जाड त्याप्रमाणे प्रकाश वेगवेगळा परततो: आधी सोनेरी, मग जांभळट, मग निळा, शेवटी काळा. याला 'टोनिंग' म्हणतात. अनेक दशकांत सावकाश चढलेलं टोनिंग सहसा कडेकडून आत येतं, आणि त्याच्याखाली लस्टर जिवंत असतं. असं नाणं मला तरी पांढऱ्याशुभ्र नाण्याहून कितीतरी सुंदर वाटतं. रसायनाने घाईत आणलेल्या रंगाला मात्र खोली नसते. तो ओरखड्यांच्याही वर बसलेला दिसतो.

आपल्याकडच्या नाण्यांत आणखी एक गोष्ट हमखास तपासावी लागते. रुपयाला कडी लावून माळेत ओवायची पद्धत घरोघर होती. पुढे कडी काढली, कड घासली, तरी तिथे डाग राहतो. नाण्याची कड पूर्ण गोल फिरवून बघा. राजा-राणीच्या डोक्याच्या वरच्या बाजूला खाचा पुसट झाल्यात का, तिथे डाख लावल्याचा वेगळा रंग दिसतो का, ते पाहा. बुजवलेलं भोकही असं सापडतं. परीक्षण कंपन्या अशा नाण्याला आकडा देतच नाहीत, नुसता दोष नोंदवतात. माझ्या मते मात्र माळेतला रुपया माळेतच ठेवावा, कारण दागिना म्हणून त्याचं मोल पुरेपूर आहे.

कधीकधी कोऱ्या नाण्यावरही केस सपाट दिसतात. हा ठशाचा दाब कमी पडल्याचा परिणाम. फरक ओळखायचा तो पुन्हा लस्टरवरून: झिजलेला उंचवटा करडा आणि मलूल असतो, कमी दाबलेल्या उंचवट्यावर झळाळी तशीच असते.

शिवराई हाती आली की हे सगळं बाजूला ठेवून दुसऱ्या नजरेने बघावं लागतं. एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' असा मजकूर असलेलं हे तांब्याचं नाणं हातोड्याने पाडलेलं. ठसा चकतीपेक्षा मोठा, चकती पुरती गोल नाही, त्यामुळे सगळी अक्षरं एकाच नाण्यावर क्वचितच बसतात. इथे मजकूर किती उतरला, ठसा मध्यावर पडला का, आणि तांब्याचा तपकिरी थर शाबूत आहे का, यावर प्रत ठरते. पुढच्या काळातली, मजकुरामध्ये दोन समांतर रेषा असलेली 'दुदांडी' शिवराई बरीच मिळते आणि शिकायला उत्तम. अंकुशाची खूण असलेल्या, हातोड्यानेच पाडलेल्या अंकुशी रुपयावर सराफांनी चांदी तपासायला मारलेले छाप दिसतात. यंत्रावर पडलेल्या कलदार रुपयावर असा छाप म्हणजे दोष. हातोड्याच्या नाण्यावर तो बाजारात फिरल्याचा पुरावा असतो, आणि फार खोल नसेल तर त्याने नाणं कमी प्रतीचं होतं असं मी मानत नाही.

आता फोटो. नाण्याचा फोटो कठीण जातो कारण चांदीचा पृष्ठभाग बराचसा आरसा असतो. कॅमेरा नाण्याचा फोटो काढतो त्यापेक्षा नाण्यात काय प्रतिबिंबित होतंय त्याचा जास्त काढतो. छताखाली, ट्यूबलाइटच्या उजेडात, फोन अगदी जवळ नेऊन काढला तर फोनचीच काळी सावली राणीच्या गालावर पडते. म्हणून फोन लांब न्या. जवळ नेण्याऐवजी पंधरा-वीस सेंटिमीटर वर धरा आणि फोनमधली दुप्पट किंवा तिप्पट जवळ आणणारी लेन्स वापरा. अंतर वाढलं की दिव्याला आत यायला जागा मिळते आणि कडाही वाकड्या दिसत नाहीत. ज्यांच्याकडे कॅमेरा आहे त्यांना नव्वद ते एकशे पाच मिलिमीटरची मॅक्रो लेन्स, एफ आठच्या आसपास छिद्र आणि आयएसओ शंभर, एवढं पुरतं.

फोन हातात धरू नका. चार जाड पुस्तकांच्या दोन चळती करून त्यावर काच ठेवली आणि काचेच्या कडेला फोन असा ठेवला की लेन्स बाहेर राहील, तरी काम होतं. टायमर लावा, म्हणजे बोटाच्या धक्क्याने चित्र हलणार नाही. फोन नाण्याला समांतर आहे का, हे बघायची सोपी युक्ती आहे. नाण्याच्या जागी छोटा आरसा ठेवा. पडद्यावर लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मध्यभागी दिसलं की फोन सरळ आहे. नाहीतर नाणं अंडाकृती येतं आणि एक बाजू धूसर.

दिव्यावर सगळ्यात जास्त वेळ द्या. सारख्या रंगाचे दोन एलईडी टेबललॅम्प घ्या आणि खोलीतले बाकीचे दिवे बंद करा. घड्याळाच्या दहा आणि दोनच्या जागी, जरा उंचावर दिवे ठेवून सुरुवात करा, आणि मग पडद्यावर बघत एकेक दिवा वरखाली करा. दिवा उंच असेल तर लस्टर आणि रंग दिसतात. दिवा टेबलाच्या पातळीपर्यंत खाली आणला तर उंचवट्यांच्या सावल्या लांब पडतात, ओरखडे उठून दिसतात आणि पुसट अक्षरं वाचता येतात. शिवराईला हा तिरका, एका बाजूचा उजेड फार मानवतो. करड्या ठिपक्यासारखा दिसणारा 'श्री' अचानक वाचता येतो. मात्र उजेड वरून किंवा डाव्या-वरच्या बाजूने यायला हवा. खालून आला तर डोळा फसतो आणि उंच अक्षरं खोलगट वाटू लागतात.

गडद टोनिंग असलेल्या नाण्यासाठी साध्या काचेची युक्ती आहे. कॅमेरा आणि नाणं यांच्यामध्ये पंचेचाळीस अंशांत काच धरा आणि बाजूने दिवा लावा. काच उजेडाचा काही भाग सरळ खाली नाण्यावर टाकते, तो नाण्यावरून उलटून काचेतूनच कॅमेऱ्यात येतो. निळे-जांभळे थर, जे नेहमीच्या दिव्यात काळे दिसतात, ते असे मोकळे होतात. खाली काळं कापड ठेवलं तर काचेखालचं भटकं प्रतिबिंब टळतं.

मागचा रंग करडा ठेवा. पांढऱ्या कागदावर फोन गोंधळतो आणि चांदी काळपट करतो. काळ्यावर उलट होतं. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स त्याच करड्या कागदावर एकदा बसवून ठेवा, नाहीतर पिवळ्या दिव्यात प्रत्येक रुपया सोनेरी टोनिंगचा दिसेल. फोनमधली आपोआप सुंदर करणारी सोय आणि जादा धार बंद करा, कारण तीच बारीक ओरखडे पुसते आणि केसांच्या कडा खोट्या टोकदार करते. स्कॅनरवर नाणं ठेवू नये असं माझं ठाम मत आहे. त्याचा सपाट उजेड लस्टर मारून टाकतो, आणि कोरं नाणं व्हीएफसारखं दिसतं.

हाताळताना नाणं फक्त कडेने, दोन बोटांत धरा, आणि खाली मऊ कापड असू द्या. फोटोपूर्वी पुसायचा मोह होतो. फुंकणीने धूळ उडवा, तेवढंच. जुन्या पीव्हीसी पाकिटाचा हिरवट चिकट थर बसला असेल तर शुद्ध ॲसिटोनमध्ये न घासता बुडवून काढता येतो, तेही हवेशीर जागी आणि आगीपासून लांब. नेलपॉलिश काढायचं रंगीत, सुवासिक द्रावण यासाठी चालत नाही.

एका नाण्याचे फोटो किती काढावेत? दोन बाजू, दोन्ही सरळ उभ्या. मग कड, आणि टांकसाळीची खूण दिसेल असा जवळचा एक: पाचव्या जॉर्जच्या मुंबईच्या रुपयावर मागच्या बाजूला खालच्या कमळाच्या तळाशी छोटा उठावाचा ठिपका असतो, कोलकात्याच्या रुपयावर तो नसतो. त्यानंतर तिरक्या उजेडातला एक, ज्यात ओरखडे लपणार नाहीत. लस्टर स्थिर चित्रात पुरतं येत नाही, म्हणून नाणं दिव्याखाली हळूहळू फिरवतानाचा दहा सेकंदांचा व्हिडिओ. तुम्ही विकत घेणार असाल तर शेवटच्या या दोन गोष्टी विक्रेत्याकडे जरूर मागा. एकाच उंच दिव्यातला चमकदार फोटो पाठवून कुणी तिरका फोटो टाळत असेल, तर घाई करू नका. आणि व्हॉट्सॲपवर कुणी तुमच्या नाण्याला लाखो रुपये देतो म्हणून आधी शुल्क मागत असेल, तर तिथेच थांबा. रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून असे प्रकार चालतात, असा इशारा बँकेनेच ऑगस्ट २०२१ मध्ये दिला होता.

नजर तयार करायला खरी नाणी बघावी लागतात. मुंबईत फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचं नाणे संग्रहालय आहे. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राच्या अभ्यासाची संस्था आहे. शहरांतल्या नाण्यांच्या प्रदर्शनांत विक्रेते बरेचदा भिंग हातात देऊन बघू देतात. एकाच सालाचा व्हीएफ, ईएफ आणि कोरा रुपया शेजारी शेजारी ठेवून बघितला तर जे कळतं ते वर्णनातून कळत नाही.

फोटो साठवताना फाइलच्या नावात राजा, साल, टांकसाळ, वजन आणि तारीख लिहा. दिवे कुठे ठेवले होते तेही एका वहीत टिपून ठेवा. पावसाळा संपला की, ऑक्टोबरमध्ये, त्याच मांडणीत तेच फोटो पुन्हा काढा आणि जुन्यांशी जुळवून बघा. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यांनी तर नक्कीच. तांब्याच्या नाण्यावर फिकट हिरवी भुकटी नव्याने दिसली, तर ते नाणं लगेच इतरांपासून वेगळं करून कोरड्या डबीत, सिलिका जेलसोबत ठेवायचं.